छातीतलं इम्प्लांट बदलायची वेळ येते तेव्हा

इम्प्लांट बदलावं लागणार असं घरी सांगितलं, तेव्हा थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, मग पहिलं फुकटच गेलं म्हणायचं का?" फुकट कसलं जातंय! बारा वर्षं ते माझ्या डाव्या छातीत होतं. 2011 साली कॅन्सरमुळे स्तन काढला, त्याच वेळी पुण्यात इम्प्लांट (स्तनाला आकार देणारी सिलिकॉनची पिशवी) बसवलं, पुढे रेडिएशन झालं. 2023 मध्ये मिरजेत ते काढून दुसरं घातलं. मी डॉक्टर नाही, सांगलीत एका पतसंस्थेत हिशेब बघते. पण या खेपेला दवाखान्याच्या बाकावर माझ्यासारख्या बऱ्याच जणी भेटल्या. कुणी कॅन्सरनंतर बसवलेलं, कुणी हौसेने. हौसेवाल्या जास्तच दबक्या आवाजात बोलायच्या. प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच. ते क्रमाने मांडते.

आधी कारण पक्कं करा

"दहा वर्षं झाली की बदलायचंच" असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. इम्प्लांटवर औषधाच्या बाटलीसारखी शेवटची तारीख नसते. ते जन्मभर टिकेल असंही कुणी म्हणत नाही. जितकी वर्षं जास्त, तितकी बिघडण्याची शक्यता जास्त, एवढंच. काही त्रास नसेल आणि तपासणी ठीक असेल, तर नुसती वर्षं मोजून ऑपरेशन करून घ्यायचं कारण नाही.

बदलण्याची कारणं बरीच असतात: ते फुटणं, त्याच्याभोवतीचं आवरण आकसणं, जागेवरून सरकणं किंवा उलटं होणं, वरच्या कातडीवर चुण्या दिसणं, जंतुसंसर्ग, किंवा वय-वजन बदलल्यावर आकार नकोसा होणं. यातलं तुमचं कारण कोणतं, यावर ऑपरेशन किती मोठं होणार, किती दुखणार, किती दिवस घरी बसावं लागणार हे सगळं ठरतं. दुसरीच्या अनुभवावरून आपला अंदाज बांधला की फसगत होते. माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी फक्त लहान आकार हवा म्हणून आली होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरून चहा पीत बसली होती, आणि मी उशीवरून मान उचलतानाही दात आवळत होते.

माझं दुखणं आवरणाचं. शरीरात बाहेरची कुठलीही वस्तू बसवली की शरीर तिच्याभोवती एक पातळ पडदा तयार करतं. दुधावर साय धरावी तसा. डॉक्टर त्याला कॅप्सूल म्हणतात. ती प्रत्येकीला होते आणि बहुतेकींना जाणवतही नाही. पण काहींची कॅप्सूल जाड होते, आकसते आणि इम्प्लांट आवळून धरते. याचे चार टप्पे मानतात, त्यांना बेकर ग्रेड म्हणतात. पहिल्यात हाताला मऊ लागतं, दुसऱ्यात किंचित घट्ट, तिसऱ्यात घट्टही लागतं आणि आकार बिघडलेला डोळ्यांना दिसतो, चौथ्यात त्यात दुखणं येतं. रेडिएशन झालेल्या छातीत हे जास्त होतं. मला रात्री डाव्या कुशीवर झोपलं की खाली मोसंबी आल्यासारखं वाटायचं. मी दोन वर्षं गादीला दोष दिला.

फुटण्याची गोष्ट वेगळी. मिठाच्या पाण्याचं इम्प्लांट फुटलं तर एक-दोन दिवसांत ती बाजू बसते, शरीर ते पाणी शोषून घेतं, कळायला तपासणी लागत नाही. सिलिकॉन जेलचं फुटलं तर मात्र अनेकदा काहीच कळत नाही. जेल घट्ट असतं, ते कॅप्सूलच्या आतच राहतं, बाहेरून छाती जशीच्या तशी. म्हणून जेलवालीने त्रास नसला तरी तपासत राहायचं. औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएचा 2020 पासूनचा सल्ला असा: बसवल्यानंतर पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय, आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. मला हे आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. कॅन्सरच्या तपासण्या वेळच्या वेळी केल्या, पण इम्प्लांटसाठी म्हणून एकही नाही. शेवटी एमआरआय झाला, तेव्हा रेडिओलॉजिस्ट मॅडमनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. फाटलेलं कवच जेलमध्ये घड्या पडून तरंगत होतं. "पुस्तकात याला एका इटालियन शेवईचं नाव आहे, लिंग्विनी. आपण शेवया म्हणू." खरंच शेवया दिसत होत्या.

फुटलंय कळल्यावर त्याच रात्री धावायची गरज नसते. काही आठवड्यांत, नीट तयारी करून काढलं तरी चालतं.

थांबायचं नाही ते या बाबतीत: बसवून वर्ष उलटून गेल्यावर एक बाजू अचानक सुजली, आत पाणी साठलं किंवा गाठ लागली, तर लगेच दाखवा. इम्प्लांटभोवती होणारा एक दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, असतो. तो मुख्यतः खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडला गेला आहे. म्हणूनच जुलै 2019 मध्ये अॅलर्गन कंपनीने बायोसेल प्रकारची इम्प्लांट जगभरातून परत घेतली. ते पाणी काढून नुसतं फेकून देत नाहीत, सीडी-30 या तपासणीसाठी पाठवावं लागतं. तुमच्या डॉक्टरांना या नावाने विचारा. तुमचं बायोसेल असेल पण काही त्रास नसेल, तर केवळ भीतीपोटी काढून टाका असा सल्ला एफडीएनेही दिलेला नाही. 2010 किंवा त्याआधी बसवलेलं असेल आणि कंपनी पीआयपी असेल, तर मात्र आजच डॉक्टरांना गाठा. त्या फ्रेंच कंपनीने कारखान्यात वापरायचं सिलिकॉन भरलं होतं आणि ते 2010 साली उघडकीला आलं.

कार्ड शोधा

इम्प्लांट बसवल्यावर एक छोटं कार्ड मिळतं. त्यावर कंपनी, प्रकार, आकारमान, लॉट नंबर आणि सिरियल नंबर असतो. बदलताना डॉक्टर पहिलं तेच मागतात. आत काय आहे ते माहीत असेल तर कॅप्सूलचं काय करायचं, नवं कोणत्या मापाचं मागवायचं हे ठरवायला सोपं जातं. बऱ्याच कंपन्या फुटलेल्या इम्प्लांटच्या बदली नवं देण्याची हमी देतात, तीही याच नंबरावर.

माझं कार्ड लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होतं. आम्ही गावभागात राहतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात आली, तेव्हा आम्ही गॅस, धान्य, टीव्ही माळ्यावर चढवलं, पोरांची सर्टिफिकेटं पिशवीत घेऊन बाहेर पडलो. माझ्या फाइलची आठवण कुणालाच झाली नाही, मलाही नाही. पाणी ओसरल्यावर खण उघडला तर फाइलीचा लगदा झाला होता. कार्ड उन्हात वाळवलं, पण शाई गेली होती.

तुमचंही असं झालं असेल तर पहिल्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख सांगून ऑपरेशन नोट आणि इम्प्लांटच्या स्टिकरची प्रत मागा. ते स्टिकर केसपेपरवर चिकटवलेलं असतं. फोनवर काम होत नाही, माणूस पाठवावा लागतो. माझ्या भाच्याने दोन खेपा घातल्या तेव्हा मिळालं. जुनी कागदपत्रं ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, तेव्हा त्रास नसला तरी ही प्रत आत्ताच मागून ठेवा.

डॉक्टरांशी बोलताना

मिरजेत 1894 साली डॉ. वानलेस यांनी मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून दूरदूरचे, कर्नाटकातलेही पेशंट इथे येतात. त्यामुळे सांगली-मिरजेत डॉक्टरांची वाण नाही. पण हे काम प्लास्टिक सर्जनचं आहे. नावापुढे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी बघा. "कॉस्मेटिक" अशी पाटी कुणीही लावू शकतं. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा किचकट असतं. आत जुने व्रण असतात, कातडी पातळ झालेली असते. म्हणून "बदलण्याची ऑपरेशनं तुम्ही करता का?" हे सरळ विचारायचं. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

विचारायच्या गोष्टी मी वहीत लिहून नेल्या होत्या. त्यांतल्या कामाला आलेल्या सांगते.

जुन्या कॅप्सूलचं काय करणार? ती पातळ आणि निरोगी असेल तर तशीच ठेवून त्याच जागेत नवं घालतात. हे सगळ्यात हलकं ऑपरेशन. आकसली असेल तर तिला चिरा देऊन सैल करतात किंवा काही भाग, नाहीतर पूर्ण काढतात. हल्ली मोबाइलवर बघून बायका "सगळी कॅप्सूल अखंडच काढा" असा हट्ट धरतात. लिम्फोमाचा संशय असेल तर ते बरोबरच आहे. एरवी मात्र कॅप्सूल बरगड्यांना घट्ट चिकटलेली असते, ती ओरबाडून काढताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा धोका असतो. माझी पुढची बाजू काढली, बरगड्यांवरची थोडी ठेवली. मला ते पटलं.

नवं कुठे ठेवणार? जुनं स्तनाच्या ऊतींखाली असेल तर कधी छातीच्या स्नायूखाली हलवतात. कधी उलटही करतात. जागा बदलली की दुखणं वाढतं, हे धरून चला.

आकार केवढा? इथे स्वतःला आवर घालायला लागतो. इम्प्लांट सीसीत मोजतात. पण डॉक्टर आधी छातीची रुंदी मोजतात. त्या रुंदीत न बसणारं घातलं की ते काखेकडे सरकतं, कातडी ताणली जाते, आणि काही वर्षांत पुन्हा हाच रस्ता. मी आधीपेक्षा थोडं लहान घेतलं.

आणि हे आवर्जून विचारा: नवं घातलंच पाहिजे का? नुसतं काढून टाकता येतं. मग कातडी सैल राहते, छाती आधीपेक्षा बसकी दिसते, काहींना ओघळलेली कातडी वर घ्यावी लागते. स्वतःच्याच पाठीचा स्नायू किंवा पोटाची चरबी-कातडी आणूनही स्तन घडवता येतो. माझ्या रेडिएशनमुळे डॉक्टरांचा कल पाठीच्या स्नायूकडे होता. ऑपरेशन मोठं, पाठीवर आणखी एक व्रण, पण पुन्हा आकसण्याचा धोका कमी. मी पंधरा दिवस विचार केला आणि इम्प्लांटच घेतलं. कॅप्सूल पुन्हा आकसू शकते, हे मान्य करून.

खर्चाचा अंदाज तोंडी घेऊ नका. इम्प्लांट, थिएटर, भूल, खोली, औषधं, बायोप्सी, सपोर्ट ब्रा, आत बसवायची जाळी लागली तर ती, हे सगळं वेगवेगळं लिहून मागा. विम्याचं असं आहे: दिसण्यासाठी केलेल्या प्लास्टिक सर्जरीला पॉलिसी पैसे देत नाही. पण पॉलिसीतल्या त्याच कलमात, एक्सक्लुजन 08 मध्ये, अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना यातून सोडलेली असते, म्हणजे तिला पैसे मिळतात. तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असेल आणि तसं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, तर त्यालाही. माझ्या पूर्वपरवानगीच्या अर्जावर नुसतं "इम्प्लांट बदलणे" लिहिलं होतं, तो परत आला. "कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेतील फुटलेले इम्प्लांट" असं लिहून दिल्यावर मंजूर झाला.

आधीचे पंधरा दिवस, खरं तर महिना

रक्त, साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे या नेहमीच्या तपासण्या. स्तन शिल्लक असेल तर मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आधीच उरकतात.

तंबाखू बंद. सिगारेट म्हटलं की आपल्याकडच्या बायका मान हलवतात, "छे, आम्ही कुठे ओढतो!" पण सकाळी दात घासायला मिश्री लागते, ती तंबाखूच. भाजली तरी निकोटिन जात नाही. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, कातडी काळी पडते. किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर मिश्रीला हात लावायचा नाही. लाजू नका, डॉक्टरांना सांगून टाका.

इकोस्प्रिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि लपवूही नका. कधी थांबवायची ते हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात. लसणाच्या कॅप्सूल, माशाचं तेल, ई जीवनसत्त्व, काढे, चूर्णं, सगळ्याची यादी द्या.

घरात एक काम नक्की करा. फडताळातले चहा-साखरेचे, डाळ-तांदळाचे डबे खाली ओट्यावर आणून ठेवा. ऑपरेशननंतर खांद्याच्या वर हात जात नाही आणि घरची मंडळी नेमकी तेव्हाच कामावर असतात. पुढून उघडणारे चार गाऊन काढून ठेवा. डोक्यातून घालायचं काहीच चालत नाही.

ऑपरेशनचा दिवस

सहा तास आधीपासून खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. भूलतज्ज्ञ सांगतील ते अंतिम. नखांची पॉलिश काढा, कारण बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढावी लागतात. थिएटरमध्ये विजेच्या उपकरणाने रक्त थांबवतात, अंगावर धातू चालत नाही. माझं मंगळसूत्र नणंदेने ओंजळीत घेतलं आणि ऑपरेशन संपेपर्यंत तशीच बसून राहिली.

भूल देण्याआधी डॉक्टर तुम्हाला उभं करून छातीवर पेनाने खुणा करतात, कारण आडवं झाल्यावर सगळं सरकतं. सोबत सिस्टर असते. नसली तर बोलवायला सांगा.

भूल पूर्ण असते. बहुधा जुन्या व्रणातूनच आत जातात, म्हणजे नवा व्रण होत नाही. जुनं काढतात, जेल पसरलं असेल तर पुसून घेतात, जागा धुतात, कॅप्सूलचं जे ठरलं असेल ते करतात. नवं घालण्याआधी तात्पुरता साचा ठेवून पेशंटला अर्धवट बसतं करून दोन्ही बाजू जुळतात का बघतात. नुसती अदलाबदल तास-दीड तासात होते, कॅप्सूल काढायची असेल तर दोन-तीन तास. काढलेली कॅप्सूल बायोप्सीला पाठवायला आधीच सांगून ठेवा. जुनं इम्प्लांट बघायचं असेल तर तेही सांगा. मला स्टीलच्या ट्रेमध्ये दाखवलं. पिवळट, चिकट, मधाची पिशवी फाटल्यासारखं. बारा वर्षं बाळगलेली वस्तू, पण ओळख पटेना.

पहिला आठवडा

फक्त अदलाबदल झाली असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात आणि दुखणंही पहिल्या ऑपरेशनपेक्षा कमी असतं. कॅप्सूल काढलेल्यांना छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. गोळ्या वेळेवर घ्या, दुखायची वाट बघू नका. झोप पाठीवरच, मागे दोन-तीन उशा. उठताना हातांवर जोर देऊ नका, पाय खाली सोडून कुणाचा तरी हात पाठीखाली घ्या. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चाला.

ड्रेनचा, म्हणजे आत साठणारं पाणी बाहेर काढायचा, पाइप असेल तर त्याच्या डब्याची सवय करून घ्यावी लागते. दिवसातून दोनदा माप बघायचं, वहीत लिहायचं, डबा रिकामा करायचा, दाबून हवा काढायची आणि मगच टोपण लावायचं. पहिल्या दिवशी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर. चोवीस तासांत तीस मिलीच्या खाली आलं, तेही सलग दोन दिवस, की साधारणपणे काढतात. माझा सातव्या दिवशी निघाला. तोवर डबा गाऊनच्या आत सेफ्टी पिनेने अडकवलेला.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरात तिचा अभिमान इतका की सासूबाई तिसऱ्या दिवशी वाटी घेऊनच आल्या. दुधातून प्यायले. टाक्यांवर मात्र हळद, तेल, लोणी, तुरटी काही लावायचं नाही. आत इम्प्लांट आहे. जंतू तिथवर गेले तर ते काढावंच लागतं आणि पुन्हा बसवायला काही महिने थांबावं लागतं.

रात्र असो की रविवार, फोन करायचा तो यासाठी: एक बाजू तासा-दोन तासांत टणक फुगली (आत रक्त साठल्याची खूण, बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत), ताप, वाढती लाली, घाण वास किंवा पू, टाके उसवले, पोटरी सुजून दुखली, दम लागला. शेवटच्या दोन्हींत फोनवर बोलत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

चौथ्या-पाचव्या दिवशी मला विनाकारण रडू आलं. सिस्टर म्हणाली, "होतं ताई असं. भूल उतरली, पाहुणे गेले की येतं." तिने ते इतक्या सहज म्हटलं की मला बरं वाटलं.

पुढचे महिने

सपोर्ट ब्रा दिवसरात्र, चार ते सहा आठवडे, तार नसलेली. बैठं काम आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू होतं. कॅप्सूल काढली असेल तर तीन धरा. कणीक मळणं, भरलेली कळशी, सिलिंडर, नातवंड कडेवर घेणं सहा आठवडे बंद. पोरांना जवळ बसवून घ्या, उचलू नका. ॲक्टिव्हा मी चौथ्या आठवड्यात काढली, तीही डॉक्टरांनी हात वर करून, ब्रेक दाबल्यासारखी मूठ आवळून बघितल्यावर. सांगली-मिरज रस्त्यावर गाडीतून जाताना छाती आणि सीटबेल्टच्या मधे पातळ उशी धरा. प्रत्येक गतिरोधक आतपर्यंत कळतो.

आरशात घाई करू नका. नवं इम्प्लांट सुरुवातीला वर चढलेलं, ताठ दिसतं. खाली बसायला दोन-तीन महिने लागतात. अंतिम आकार सहा महिन्यांनंतर समजायचा. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत. बधिरपणा, मुंग्या, मधेच वीज चमकल्यासारखं होणं काही महिने चालतं. थोडा बधिरपणा कायमचाही राहतो. व्रण पहिले तीन महिने लाल आणि जाड दिसतो, मग हळूहळू फिकटतो. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी लावतात.

बायोप्सीचा रिपोर्ट स्वतः जाऊन घ्या, "काही असतं तर कळवलं असतं" यावर राहू नका. ज्यांचा स्तन शिल्लक आहे त्यांनी मॅमोग्राफीला गेल्यावर यंत्राजवळच्या मुलीला आधीच सांगायचं की आत इम्प्लांट आहे. ती इम्प्लांट मागे सारून जास्तीच्या प्रतिमा घेते.

माझं नवं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सात-बाराच्या उताऱ्यांबरोबर माळ्यावर ठेवलंय. फोटो लेकीच्या मोबाइलमध्ये आहे. पुढची सोनोग्राफी 2028 मध्ये, तेही तिनेच तिच्या फोनमध्ये घालून ठेवलंय.